सखूबाईंची बेकरी आढळून आली नाही

अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक लॅमिनेशनचं मशीन आणि एक पंखा, जो माझी खुर्ची सोडून सगळीकडे वारा घालतो. मी लोकांचे फॉर्म भरून देतो. पॅन, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, पोरांचे प्रवेश. बावीस वर्षं हेच चाललंय. त्यामुळे माझा स्वभाव वाकडा झालाय असं बायको म्हणते, आणि ती चुकत नाही. दिवसातून चाळीस वेळा 'साइट डाउन आहे' सांगणारा माणूस गोड बोलून बोलून किती बोलेल?

सखूबाई केणे माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. पुढेही, एक दिवस सोडला तर, त्या कायम अडीचलाच आल्या. सकाळी तीन घरी चपात्या, संध्याकाळी एका घरी चपात्या, आणि मधले दोन तास तेवढे त्यांचे स्वतःचे. वय शेहेचाळीस. नाव आजीचं ठेवलेलं, त्यामुळे आधार कार्डावरचं नाव वाचून लोक सत्तरीची म्हातारी शोधतात. अंगानं भरलेल्या, बोलायला कमी. बाकड्यावर बसताना आधी भिंतीला हात लावायचा, मग एक गुडघा, मग दुसरा. बसल्या की डोळे मिटायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं बाईला चक्कर आली. तसं काही नव्हतं, त्या नुसत्या दमलेल्या होत्या.

"दादा, फूड लायसन काढाचा हाय," त्या म्हणाल्या.

"कशासाठी?"

त्यांनी पिशवीतून एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. नाचणीची बिस्किटं होती. मी गोड फारसं खात नाही, पण त्या दिवशी सात खाल्ली. आठवं खाताना लाज वाटली म्हणून डबा बंद केला.

सखूबाईंनी उल्हासनगरच्या एका बेकरीत चौदा वर्षं काम केलं होतं. कणीक मळण्यापासून पाकिटं भरण्यापर्यंत सगळं. दोन वर्षांपूर्वी ती बेकरी बंद पडली, शेठची मुलं कपड्याच्या धंद्यात गेली. शेठ मनानं बरा. जाताना त्यानं सखूबाईंना एक जुना दोन कप्प्यांचा विजेवरचा ओव्हन देऊन टाकला. तेव्हापासून तळमजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांमध्ये त्या नाचणीची बिस्किटं, नानखटाई, सणाला मावा केक करायच्या आणि ओळखीत विकायच्या. नवरा धर्मराज, कंपनी बंद झाल्यापासून घरीच. मुलगी ऋतिका कॉलेजला. घर चालायचं ते चपात्यांवर.

आता एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनवाल्यानं त्यांची बिस्किटं खाल्ली होती आणि त्याला रोज शंभर पाकिटं हवी होती. पुढचा महिना संपला की लगेच एक तारखेपासून. अट एकच, पाकिटावर लायसन्सचा नंबर छापलेला पाहिजे.

"ता झाला की चारही घरां सोडनार," सखूबाई म्हणाल्या. "डाक्टर बोललाय, अजून दोन वर्सं जिना चढलीस तर मंग चालाचा बंद."

एवढी गोष्ट होती. चाळीस दिवस हातात होते. मी म्हटलं, होऊन जाईल.

मग कागद सुरू झाले. लाइट बिल धर्मराजच्या वडिलांच्या नावावर, वडील वारून नऊ वर्षं झालेली. सोसायटीचं ना-हरकत पत्र हवं, तर सेक्रेटरी म्हणाला मीटिंगमध्ये ठेवतो, आणि मीटिंगला तो स्वतःच आला नाही. पाण्याचा रिपोर्ट हवा. डॉक्टरचं सर्टिफिकेट हवं की बाईला संसर्गाचा रोग नाही. सखूबाई रोज अडीचला यायच्या, भिंतीला हात लावून बसायच्या, पिशवीतून एक कागद काढायच्या. मी तो बघायचो आणि सांगायचो, यावर शिक्का नाही. त्या कागद परत पिशवीत ठेवायच्या. भांडायच्या नाहीत, रडायच्या नाहीत. "मंग उद्या आनते," एवढंच. खरं सांगतो, त्यांनी एकदा तरी माझ्यावर डाफरायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

एकदाचा फॉर्म गेला. आठवड्याभरानं धर्मराजच्या मोबाइलवर फोन आला, उद्या अकराच्या सुमारास अन्न सुरक्षा अधिकारी मॅडम जागा बघायला येतील. सखूबाईंनी मला गळ घातली, दादा तुम्ही या, इंग्लिशमधी काय विचारला तर आमच्यात कोन बोलनार. मी हो म्हटलं. त्या मॅडम नेमकं काय बघतात ते सांगायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, जो बेकरी चालवतो त्याला एवढं कळतच असणार.

मला निघायला उशीर झाला. पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. दारात रांगोळी. चौकटीला आंब्याच्या पानांचं तोरण. मी दोनदा घर नंबर बघितला.

आत गेलो आणि ओळखलंच नाही. नवे पडदे, ते वरच्या मजल्यावरच्या मीनलचे. टीपॉयवर क्रोशाचा रुमाल, त्यावर प्लास्टिकची फुलं. उदबत्तीचा वास, त्याखाली फिनेलचा वास. धर्मराज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना तेल लावून ताठ बसलेला. आतल्या दारात त्याची थोरली बहीण विठाबाई, डोक्यावर पदर घेऊन. ही विठाबाई चामटोलीची. तिथे तिची भातशेती आहे, आणि भावाच्या घरात काहीही घडायचं असलं की ती आदल्या दिवशी येऊन ताबा घेते. घरात आजवर एकच असा प्रसंग तिनं पार पाडला होता, तो म्हणजे लग्नाच्या मुलीला बघायला पाहुणे येणं. तिनं तीच तयारी केली होती. आणि मॅडम, तिशीतली एक शांत बाई, मांडीवर फाइल घेऊन एका दिवाणावर बसल्या होत्या. हातात पोह्यांची बशी.

या घरात दिवाण नव्हता. मी नीट बघितलं. मैद्याचे आणि नाचणीच्या पिठाचे चार डबे ओळीनं लावून त्यांच्यावर फळी टाकली होती, वर गादी आणि गुलाबाची चादर. मॅडम बेकरीच्या मालावर बसून बेकरी कुठे आहे ते विचारत होत्या.

"ओव्हन कुठे आहे?"

धर्मराजनं विठाबाईकडे बघितलं.

"पोहं घ्या ना, गार व्हतील," विठाबाई म्हणाली.

"घेते. ओव्हन कुठे आहे?"

ऋतिका मोबाइलमध्ये बघत बसली होती. खरं तर मोबाइल बंद होता. मॅडम उठून स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर घासून लख्ख केलेली समई, बाकी काही नाही. एक ट्रे नाही, एक साचा नाही, बिस्किटाचा चुरा नाही. धर्मराज मागोमाग गेला आणि हात जोडून म्हणाला, "तसला काय नाय हो मॅडम आमच्याकडं. घरच्यापुरता काय ता. बाकी काय नाय."

मी कपाळावर हात मारला. सरकारी माणूस दारात आला की आमच्याकडे काही नाही म्हणायचं, हे इथे रक्तात आहे. जमीन मोजायला आलेल्याला काही नाही, वीजवाल्याला काही नाही, पालिकेच्या माणसाला तर काहीच नाही. त्यात ही बाई तर बेकरी आहे का नाही हेच बघायला आली होती.

"अर्जदार कुठे आहेत? सखूबाई केणे?"

"बाहेर गेली हाय."

"मग इथे माल बनवतं कोण?"

"मीच बगतो सगला," धर्मराज म्हणाला.

ऋतिकानं बापाकडे बघितलं, मान फिरवली आणि माझ्या कानात सांगितलं, ओव्हन वर मीनलकडे नेलाय. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, ओव्हन आहे, पण यांनी तो वरच्या मजल्यावर ठेवलाय, आजच्यापुरता." झालं, ते आणखीच वाईट झालं. मॅडम म्हणाल्या, "अर्जावर पत्ता तळमजल्याचा आहे. वर बनवत असाल तर ती जागा वेगळी." त्यांनी फाइलमध्ये चार ओळी लिहिल्या, धर्मराजची सही घेतली, मान राखायला दोन चमचे पोहे खाल्ले आणि निघून गेल्या. त्यांचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

दोन दिवसांनी माझ्या स्क्रीनवर शेरा आला. 'उत्पादनाची जागा व साधने आढळून आली नाहीत. अर्जदार उपस्थित नव्हते. अर्ज नामंजूर.'

पण तपासणीच्याच दिवशी, मॅडम गेल्यावर, मी वर गेलो होतो, मीनलच्या घरी. ओव्हन तिच्या मधल्या खोलीत घोंगडी पांघरून उभा होता, चार जणांनी सकाळी उचलून नेलेला. आणि ओव्हनच्या शेजारी जमिनीवर, भिंतीला टेकून, सखूबाई बसल्या होत्या. नवी साडी नेसून.

मी ओरडलो. चांगलं तोंडसुख घेतलं. बाई, तुम्हाला बघायला ती आली आणि तुम्ही इथे लपून बसलात? अर्ज तुमचा, हात तुमचे, आणि खाली तुमचा नवरा समईजवळ उभं राहून सांगतोय मीच बघतो! आता पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि महिना संपायला राहिलेत अकरा दिवस!

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दादा, इन्स्पेक्शन म्हंजे असाच असतो ना?"

"असा म्हणजे?"

"बेकरीत साहेब येनार असला की शेठ आधी फोन करून सांगाचा. भट्टीवरचा अर्धा माल आत सरकवाचा. आनि आमी सहा बाया मागच्या शटरनं भाईर. आमची नावां कागदावर नवती ना. मागं गल्ली होती, गटाराच्या बाजूला. थितं बसाचा. साहेबाचा चहापानी झाला, गाडी गेली, की शेठ शटर वाजवाचा. मंग आत." त्यांनी पदर सारखा केला. "कधी एक तास, कधी तीन. पावसात पन. चौदा वर्सं मी हाच बगितला. आज त्यांची गाडी आली आसं ऋतिका बोलली, आन मी जिना चढून वर आले. मना कोनी सांगितला नाय. पाय आपले आपन चालले."

मीनलनं पाण्याचा ग्लास आणला तो मीच प्यायलो.

दुसरा फॉर्म भरायला त्या अडीचलाच आल्या. मी टाइप करत होतो तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्या "हां, हां सर, बराबर हाय सर" करत राहिल्या आणि फोन पिशवीत ठेवला. कॅन्टीनवाल्यानं काम कल्याणच्या एका पार्टीला दिलं होतं. त्याला तारीख गाठायची होती, त्याचाही नाइलाज.

मी हात थांबवला. म्हटलं, "मग आता राहू द्या. परत तीच वणवण कशाला? पुढच्या वर्षी बघू." मी चांगल्या मनानं बोललो. मलाही कंटाळा आला होता, हेही खरं.

सखूबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, "भरा."

"पण कशासाठी?"

"आता अर्धा भरलाय ना."

दुसरी तपासणी तशी अचानकच झाली. सकाळी दहाला फोन, मॅडम बदलापूरहून येताना वाटेत थांबणार, अर्ध्या तासात पोचतील. विठाबाईला चामटोलीहून बोलवायला वेळ नव्हता, हे त्या दिवसातलं पहिलं नशीब. ऋतिकानं मला फोन केला, "दादा, प्लीज या ना, मम्मीचं काही खरं नाही." मी शटर अर्धं खाली ओढून पळालो.

सखूबाई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या, पुढ्यात परात, हात मनगटापर्यंत पिठात. घरांना फोन करून त्यांनी सुट्टी टाकली होती. ओव्हन कोपऱ्यात, जुनाट, एका बाजूनं काळा पडलेला, पण चालू. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि त्या उठायला लागल्या. एक गुडघा, मग दुसरा. उठल्या आणि मागच्या दाराकडे वळल्या. तिथे धर्मराज उभा होता. बनियनवरच, तेल नाही, इस्त्री नाही.

"कया चाललीस?" तो म्हणाला. "बस."

"तुमी बोला त्यांच्याशी."

"मी काय बोलनार? मना बिस्कुट करता येतो का? मागच्या टायमाला बोललो ता बास झाला." आणि तो मागच्या दाराच्या पायरीवर ठाण मांडून बसला, वाट अडवून. त्या माणसाबद्दल तोवर माझं मत फारसं बरं नव्हतं. त्या दिवशी बदललं.

मॅडम आत आल्या. सखूबाई पुन्हा पाटावर बसलेल्या, त्यांना बघून पुन्हा उठायला लागल्या. गुडघा कटकन वाजला, मला दारापर्यंत ऐकू आला.

"उठू नका," मॅडम म्हणाल्या. "हातातलं काम चालू ठेवा. मी तेच बघायला आलेय."

सखूबाई तशाच अर्ध्या उठलेल्या राहिल्या. त्यांना ते कळायला वेळ लागला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा लेकीकडे, आणि खाली बसल्या. मळायला लागल्या. मॅडमनी डब्यांची झाकणं उघडून बघितली, पीठ चिमटीत घेऊन बघितलं, पाण्याचं पिंप बघितलं, सखूबाईंना हात पुढे करायला लावून नखं बघितली. मग ट्रे ओव्हनमध्ये गेला आणि काही मिनिटांनी सखूबाईंनी तो काढून उलटा फिरवून आत ठेवला.

"फिरवला का?"

"ही डावी बाजू जास्त तापते मॅडम. नाय फिरवला तर हिकडची करपतात आन तिकडची कच्ची रवतात. काटा दोनशे दाखवतो पन दोनशे नसतो त्यो. मी हात धरून बगते. दहा आकडं मोजता आलं तर बराबर. आठलाच हात मागं आला तर जास्त झाला."

आणि बाई बोलायला लागल्या. नाचणी किती भाजायची, तूप कधी घालायचं, हवेत दमटपणा असला तर पाणी किती कमी. दोन महिन्यांत माझ्याशी बोलल्या नसतील एवढं त्या अर्ध्या तासात बोलल्या. मॅडम लिहीत होत्या. शेवटी त्यांनी दोन चुका काढल्या. कचऱ्याच्या डब्याला झाकण नाही, आणि उदबत्ती पिठाजवळ लावायची नाही. दोन्ही आठवड्यात सुधारून फोटो पाठवा म्हणाल्या. एक बिस्किट मागून घेतलं, उभ्यानंच खाल्लं आणि गेल्या.

गाडी गेल्यावर सखूबाई रडल्या. हात पिठानं भरलेले, म्हणून कोपरानं डोळे पुसत होत्या आणि ते काही जमत नव्हतं. ऋतिकानं ओढणीनं पुसले. मी बाहेर जाऊन उगाच चपला सरळ केल्या.

नवव्या दिवशी लायसन्स आलं. मी फोन केला, म्हटलं उद्या अडीचला या, प्रिंट काढून ठेवतो. त्या त्याच संध्याकाळी आल्या, साडेपाचला. मी घड्याळाकडे बघितलं.

"या वेळेला? चपात्यांना नाही गेलात?"

"सोडला ता संध्याकालचा घर."

माझा जुना स्वभाव उसळला. म्हटलं, बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? कॅन्टीन गेलं. नाक्यावरचा दुकानदार रोजची दहा पाकिटं ठेवतो म्हणालाय, दहा! त्यावर कोणी घर सोडतं का? हा कागद आहे, पगार नाही!

त्या भिंतीला हात लावून बसल्या. एक गुडघा, मग दुसरा.

"चौथा माला हाय दादा. लिफ्टवर लिवलाय, कामवाल्या बायांनी वापराची नाय. दोन वर्सं वाचला आन जिना चढला. काय वाटला नाय कधी. काल चढताना दुसऱ्या माल्यावर बसले. दम लागला होता. आन मनात आला, त्या घरातल्या बाईनं दोन वर्सांत माझ्या हाताकडं एकदा पन बगितला नाय. चपात्या डब्यात पडल्या की झाला. त्या मॅडमनी माझी नखां बगितली, पीठ बगितला, ट्रे का फिरवला ता विचारला." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "मंग पुढचं दोन मालं नाय चढाया जमला. थितनंच फोन केला, आजपासून दुसरी बगा बोलले. आन उतरले खाली."

प्रिंटरमधून कागद बाहेर आला होता. मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी पदराला हात पुसले, मग घेतला.

"आणि बाकीची तीन घरं?" मी विचारलं. "तीपण सोडणार?"

"नाय हो, खानार काय मंग," सखूबाई म्हणाल्या. "आन त्या बिल्डिंगींना लिफ्टच नाय, थितं सगलीच जिना चढतात."